गोरेवाड्याची चितळं: मोहापासून नवतप्यापर्यंत

मोह गळून संपला, नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आला. गोरेवाड्याच्या चितळांवर हिवाळ्यापासून चाललेल्या कामाची ही पुढची नोंद. हिवाळ्यात सगळा भर लेन्स आणि सेटिंगवर होता. या खेपेला बहुतेक मजकूर चितळांच्या वागण्याचा आहे, कारण फोटो खरे सुधारले ते त्यामुळे.

नागपूरबाहेरच्या मंडळींसाठी थोडं ठिकाणाबद्दल. काटोल रोडवर, शहराला लागूनच, सुमारे १९०० हेक्टरचा हा परिसर आहे. मध्ये १९१२ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव, भोवती साग, पळस, तेंदू, मोह यांचं पानगळीचं रान. प्राणिसंग्रहालयाची इंडियन सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली, ती कुंपणाच्या आतली. राखीव जंगलातली सफारी वेगळी. तिथली चितळं, सांबरं, रोही (म्हणजे नीलगाय), रानडुकरं आणि बिबट मोकळे असतात. दोन्हीकडे फोटो काढायला हरकत नाही, पण फोटोखाली कुठला ते स्पष्ट लिहा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. कुंपणातल्या बिबट्याखाली नुसतं ‘गोरेवाडा’ लिहिलं की बघणारा त्याला जंगलातला समजतो, आणि मोकळ्या बिबट्यासाठी महिनोन्‌महिने थांबणाऱ्याच्या फोटोची किंमत जाते. खालचं सगळं मोकळ्या जनावरांबद्दल आहे.

आता मोह. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्रीतून आणि पहाटे गळतात. जमिनीवर फिकट पिवळा सडा पडतो आणि चितळं उजाडतानाच तिथे येतात. हे विदर्भात कुणाला नवं नाही. पण एक फुलावर आलेलं झाड हेरून पूर्ण हंगाम त्याच्याच जवळ गाडी उभी करायची, हा प्रयोग मी यंदा पहिल्यांदा केला. बाकी जिप्सी पुढे निघून जात, आम्ही इंजिन बंद करून बसून राहायचो. सोबतचा गाईड पहिल्याच सकाळी म्हणाला होता, “भाऊ, आज गाडी पाहून पळते, पण उद्या पळणार नाही.” तसंच झालं. काही सकाळीनंतर माद्या गाडीकडे बघून पुन्हा खाली तोंड घालू लागल्या. चितळाचा निवांत चेहरा आणि सावध चेहरा यांत किती अंतर असतं ते तेव्हा कळलं. कान बाजूला सैल पडलेले, जबडा चालू, डोळा अर्धा झाकलेला. असा चेहरा गाडी फिरवत ठेवून मिळत नाही.

झाडावर वानरं असली तर बसण्याची जागा लगेच ठरते. ती अर्धवट खाऊन पानं, फुलं, फळं खाली टाकतात आणि चितळं ती टिपायला बरोबर त्या फांदीखाली येतात. वानर सरकलं की कळप सरकतो. मी आता आधी वर बघतो आणि मग कॅमेरा कुठे रोखायचा ते ठरवतो.

दुसरी मोठी गोष्ट नरांची. चितळाचा माज, म्हणजे मीलनाचा काळ, मध्य भारतात साधारण मार्च ते जून चालतो आणि मे महिन्यात रंगात असतो. मोठे नर लांबवर जाणारी भसाडी हाक देत फिरतात. त्यांची एक लकब मला सगळ्यात जास्त आवडते. नर मागच्या दोन पायांवर उभा राहतो, शिंगं वरच्या फांदीत घालतो आणि कपाळ व डोळ्यांपाशी असलेल्या ग्रंथींचा वास तिथे घासून ठेवतो. हे जेमतेम काही सेकंद चालतं, म्हणून वर्षानुवर्षं माझ्याकडे याचा एकही नीट फोटो नव्हता. यंदा आहे. नर उभा राहण्याआधी झाडाखाली थबकतो, मान ताणून फांदी हुंगतो, एकदा पाय बदलतो. तेवढा इशारा पुरतो. त्या क्षणी झूम कमी करायचा, कारण उभं राहिल्यावर त्याची उंची जवळजवळ दुप्पट होते आणि वरची फांदी फ्रेममध्ये आली नाही तर फोटोला अर्थ उरत नाही. मी कॅमेरा आडवाच ठेवतो आणि नराला फ्रेमच्या खालच्या भागात घेतो.

सेटिंग थोडक्यात. निकॉन डी७५०० कॅमेरा आणि २००-५०० एफ/५.६ लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरचा क्रॉप धरून ७५० मिलिमीटरपर्यंत. शटर बसलेल्या-चरणाऱ्या जनावराला १/५०० सेकंद, नर भिडले की १/१२५०, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो. उजाडताना आयएसओ ३२००च्या वर जातो, जाऊ द्या. दाणे दिसलेले चालतील, हललेला डोळा चालत नाही. लेन्स टेकवायला गाडीच्या दारावर तांदूळ भरलेली कापडी पिशवी, ट्रायपॉड नाही.

एक्स्पोजरबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण रोही आणि चितळ यांना एकच हिशेब लागू होत नाही. रोहीचा नर निळसर करडा, जवळजवळ काळपट. एप्रिलमधल्या वाळक्या पिवळ्या गवतात तो उभा असला की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक गवताचा उजेड धरतो आणि नराचा नुसता काळा ठोकळा येतो. तिथे मी एक्स्पोजर वाढवून +०.७ पासून सुरू करतो. चितळ उन्हाच्या कवडशात आणि मागे सागाची गडद सावली असली तर उलट, −०.७, नाहीतर पाठीवरचे पांढरे ठिपके जळून जातात.

रोहीच्या नरांची एक सवय उपयोगी पडते. ते लेंड्या टाकायला त्याच त्या जागी परत येतात, त्यामुळे तिथे मोठा ढीग साचतो. ताजा ढीग दिसला की प्रकाश कुठून येतो ते बघून जागा धरायची. अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानातही रोही दिसतात आणि तिथे सायकलवरून फिरता येतं, म्हणून ढीग शोधायचं काम मी तिकडेच जास्त केलं. पण सायकलस्वाराला जनावरं गाडीपेक्षा लांबूनच बुजतात, त्यामुळे फोटोंसाठी माझा कौल गोरेवाड्यालाच.

मे महिन्यात खरा अडथळा उन्हाच्या झळांचा. पारा ४५च्या आसपास असला की सकाळी साडेआठनंतर जमिनीलगतची हवा हलू लागते आणि शंभर मीटरवरच्या चितळाचा एकही केस स्पष्ट येत नाही. लेन्स कितीही महाग असो, त्यावर उपाय नाही. अंतर कमी करणं एवढंच हाती असतं. म्हणून नऊनंतर मी लांबचे फोटो काढतच नाही. पाणवठ्याच्या जवळची सावली धरतो किंवा कॅमेरा ठेवून नुसतं ऐकतो.

ऐकण्यातूनही बरंच मिळालं. चितळ कशालाही दचकून ओरडतं, पण सांबर फुकट ओरडत नाही. एप्रिलअखेरीस एका संध्याकाळी तलावाच्या अंगाला सांबराचा ‘ढाँक’ सलग येत राहिला. चितळांचा कळप शेपट्या ताठ करून, पुढचा पाय आपटत एकाच दिशेला बघत होता. बिबट शेवटपर्यंत दिसला नाही. मी कळपाचाच फोटो घेतला: सगळ्या माना एकीकडे, आणि कडेला एक पाडस मात्र आईला लुचतंय. या हंगामातला तो माझा सगळ्यात आवडता फोटो आहे. बिबट फ्रेममध्ये नसूनही त्यात आहे, असं मला वाटतं.

एक तळमळीची गोष्ट. काही गाड्यांतून चितळांना बिस्किटं टाकली जातात, फोटोसाठी जवळ यावीत म्हणून. कृपा करून हे करू नका, आणि कुणी करताना दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा. माणसाच्या हाताकडे बघत येणारं चितळ रस्त्यावरही येतं, आणि इथला रस्ता शहराचा आहे. शिवाय वेष्टनं तिथेच पडतात आणि बिस्किटाचा वास लागलेलं प्लास्टिक जनावरं खातात.

पुढचं काम ठरलं आहे. पावसाळा सरत आला की बरेच नर शिंगं टाकतात आणि हिवाळ्यात नव्या शिंगांवर मखमल, म्हणजे केसाळ मऊ कातडी, असते. मागच्या डिसेंबरात कोवळ्या उन्हात मागून प्रकाश घेतला तेव्हा त्या मखमलीची कड सोनेरी उजळली होती. ते फोटो चांगले आले, पण सगळे वेगवेगळ्या नरांचे. यंदा उजव्या कानाला चीर असलेला एक नर ओळखीचा झाला आहे. त्याचीच शिंगं गळण्यापासून पुन्हा टणक होईपर्यंतची मालिका करायची आहे. तो मोहाच्या त्या झाडापासून तलावाकडे जाणाऱ्या पट्ट्यातच असतो. तुमच्यापैकी कुणाकडे मागच्या एक-दोन वर्षांतले याच कानाच्या नराचे फोटो असतील तर तारखेसह दाखवा. आधीच्या वर्षी त्याची शिंगं कधी गळली होती हे कळलं, तर सप्टेंबरमधल्या सकाळी कुठल्या आठवड्यात मोकळ्या ठेवायच्या ते मला ठरवता येईल.