तीन पूर्णांक पाच

काकांच्या नव्या कॉम्प्युटरवर अडतीचा जुना प्रोग्रॅम उघडायला गेलो आणि त्यानं तोंड वाकडं केलं. डॉटनेट फ्रेमवर्क 3.5 पाहिजे म्हणे, म्हणजे असे प्रोग्रॅम ज्याच्या जिवावर चालतात तो मायक्रोसॉफ्टचा पाया. आत 4.8 बसलेलंच होतं. पण हा प्रोग्रॅम 2006 सालचा, 2.0 वर लिहिलेला. 4.8 ला तो ओळखसुद्धा देईना. 3.5 च्या पोटात 2.0 असतं म्हणून त्याला तेच हवं. नव्या सुनेच्या हातचा चहा घशाखाली न उतरणाऱ्या म्हातारीसारखं.

"मोठ्यात लहान मावत नाही?" काकांनी विचारलं. जन्मभर पोती मोजलेल्या माणसाचा प्रश्न. मला काही सांगता आलं नाही.

काम तसं किरकोळ. विंडोज फीचर्सच्या यादीत एका चौकोनात टिक करायची, बाकीच्या फायली इंटरनेटवरून आपोआप येतात. पण गावभागातलं नेट दुपारी माणसांबरोबरच झोपतं. एररचा लांबलचक आकडा आला, काकांनी तो मटक्याचा असल्यासारखा मोठ्यानं वाचला. शेवटी पेनड्राइव्हवरची विंडोज काढली, तिच्यातल्या सोर्सेसमधलं एसएक्सएस नावाचं फोल्डर दाखवलं, तेव्हा टक्के हलायला लागले.

अशा सरकत्या टक्क्यांकडे बघताना मी श्वास धरतो. ही सवय सांगलीजवळच्या हरिपूरची.

आजोबांच्या सायकलच्या दांडीवर बसून चिंचांच्या रस्त्यानं जमिनीखालचं पेव उघडायला जायचो. पेवाचं तोंड अरुंद, जेमतेम माणूस उतरेल एवढं. खाली मात्र खोलीएवढी पोकळी आणि त्यात हळद. तोंडावरची माती काढली म्हणून लगेच कुणी उतरायचं नाही. कोंडलेली हवा माणूस मारते. बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. मी काठावर पालथा पडून त्या कंदिलाकडे बघत असे, माझ्याच श्वासानं विझेल या धास्तीनं नाक दाबून. आजोबा ओरडायचे, "तू कशाला मरतोस रे!" मग हमाल उतरायचे आणि वर यायचे ते भुवयांसकट पिवळे होऊन. हळद मात्र ठेवली तशी, ठणठणीत. ना कीड, ना भुंगा.

2005 च्या पुरात त्याच पेवांत पाणी शिरलं. दुकानातल्या खतावण्याही भिजल्या. काकूनं पानं दोरीवर वाळत घातली होती, चड्ड्या-बनियनच्या रांगेत. त्यानंतरच काकांनी कॉम्प्युटर घेतला आणि भाडेकरूच्या पोराकडून हा प्रोग्रॅम लिहून घेतला. 2019 ला पाणी पुन्हा आलं, तेव्हा देवांच्या आधी कॉम्प्युटर माळ्यावर चढला. काकू अजून ऐकवते.

शंभर टक्के झाले. प्रोग्रॅम उघडला. तीच राखाडी खिडकी, "हमाली"चं तेच "हामाली".

"हे 3.5 पण कायमचं नाही हं," मी म्हणालो. "जानेवारी 2029 पर्यंतच सांभाळणार आहेत."

"मग बसू आम्ही दोघं कट्ट्यावर."

खाती नीट आलीत का बघायला मी यादी खाली सरकवली. तळाशी उचलीच्या वीस-बावीस रकमा, सगळ्या 2005 च्या, पुढं एकही जमा नाही.

"ही येणी कसली?"

"त्यांची हळद पेवात होती." काका चष्मा पुसत राहिले. "मोबाईलवर चालणारं नवं घ्या म्हणून एक पोरगं आलं होतं. चांगलं होतं त्याचं. म्हणालं, या जुन्या रकमा शून्य करून टाकू, नावंही काढू."

"मग?"

"मग काय. तुला बोलावलं."