आवाज मोठा होता, शब्द नव्हते

"सात की साठ?" मित्राने एकाच संध्याकाळी मला चौथ्यांदा विचारलं आणि मी वैतागलो. सीबी, म्हणजे गाडीतून एकमेकांशी बोलायचा रेडिओ सेट, घेऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. नव्या सेटचा मालक करतो तेच मी केलं होतं. जे जे फिरतं ते सगळं उजवीकडे शेवटपर्यंत! वर सेटसोबत आलेला माइक काढून बॅटरीवर चालणारा, आवाज आधीच वाढवून देणारा पॉवर माइक लावला होता. त्यालाही स्वतःचा एक नॉब, तोही अर्थातच पूर्ण.

"सुई भरून येतेय," तो म्हणाला, "पण तू मडक्यात तोंड घालून बोलतोयस."

त्या वाक्यात अर्धं निदान होतं, मला ते नंतर कळलं. एएमवर समोरच्याच्या मीटरची सुई दाखवते ती मुख्यतः कॅरियरची, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीची, ताकद. तुम्ही गप्प बसून नुसतं बटण दाबलंत तरी सुई तेवढीच चढते. शब्द त्या कॅरियरवर किती नीट बसलेत, याबद्दल ती काहीच बोलत नाही. पण मला वाटलं, दोष अँटेनाचाच असणार. ज्याला विचाराल तो आधी अँटेनाच सांगतो.

मग एसडब्ल्यूआर मीटर उसना आणला. अँटेना सेटशी किती जुळते ते तो दाखवतो; आकडा 1 च्या जितका जवळ तितकं बरं. पहिलं माप घेतलं ते लोखंडी शटरला खेटून उभ्या गाडीत, दार उघडं ठेवून, आणि आकडे बघून घाबरलो. मोकळ्या जागेत, दारं लावून, रिकामा चॅनल बघून पुन्हा मोजलं. मीटर 'फॉरवर्ड'वर ठेवायचा, बटण दाबून सुई खुणेवर आणायची, मग 'रिफ्लेक्टेड'वर टाकून वाचायचं, आणि हे होईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. चॅनल 1 वर 1.8, 20 वर 2.2, 40 वर 2.7. वरच्या चॅनलवर आकडा वाढत जातो म्हणजे अँटेना लांब आहे. उलट असतं तर आखूड. स्क्रू सैल करून दांडी दोन-तीन मिलिमीटर आत सरकवायची, पुन्हा मोजायचं. तासाभराने तिन्ही ठिकाणी 1.5 च्या आत आलो.

एसडब्ल्यूआर 3 असेल तर पाठवलेल्या ताकदीचा चौथा हिस्सा परत फिरतो, 1.5 ला जेमतेम 4 टक्के. म्हणजे काम फुकट गेलं नाही, पल्ला सुधारला. पण मित्राचं उत्तर काय? "आता मडकं आणखी जवळून ऐकू येतंय."

इथे माझा एक समज मोडला. नीट न जुळलेली अँटेना आवाज सहसा बिघडवत नाही, ती तो कमी अंतरावर पोचवते, एवढंच. अपवाद म्हणजे रेडिओ लहरी केबलवरून उलट्या येऊन माइकच्या वायरीत शिरल्या तर. तसं झालं की आवाज गुरगुरतो किंवा शीळ घालतो. माझ्याकडे ते नव्हतं.

मग ठरवलं, स्वतःला ऐकायचं. सेटमध्ये टॉकबॅक, म्हणजे आपलंच बोलणं स्पीकरवर ऐकवायची सोय, होती, पण त्यावर विश्वास बसेना. स्वतःचा आवाज डोक्यातूनही ऐकू येत असतो, त्यामुळे काय खरं ते समजत नाही. मित्राने दूर गाडी लावली, फोन स्पीकरपाशी धरला आणि मी प्रत्येक सेटिंग तोंडाने सांगत बोललो: "माइक गेन पूर्ण. सात, साठ, आठ, छप्पन्न, पन्नास. माइक गेन पाऊण. सात, साठ..." (माइक गेन म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा तो नॉब.)

रेकॉर्डिंग ऐकून लाज वाटली. 'पूर्ण'वर प्रत्येक 'प' म्हणजे फटाका. 'साठ'मधला ठ फुटून नुसती खरखर उरलेली, त्यामुळे सात आणि साठ खरंच सारखे. सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे दोन शब्दांच्या मधल्या शांततेत गाडीचा पंखा माझ्यापेक्षा मोठ्याने बोलत होता. कारण साधं आहे. माझ्या सेटमध्ये आवाजाची मर्यादा राखणारं सर्किट आहे. मी ओरडलो की ते आवाज दाबतं, मी थांबलो की सोडतं, आणि सोडलं की जे काही मागे चालू असेल ते वर उचललं जातं. त्यात पॉवर माइक म्हणजे आगीत तेल. मॉड्युलेशन, म्हणजे कॅरियरवर आवाजाचा भार, शंभर टक्क्यांपलीकडे गेलं की लहरीचा तळ पूर्ण कापला जातो. तो कापलेला भाग आवाजात खरखर होऊन येतो, शिवाय शेजारच्या चॅनलवरही सांडतो. चॅनल बहुतेक ठिकाणी 10 किलोहर्ट्झच्याच अंतरावर असतात, म्हणजे शेजाऱ्याला फुकटचा त्रास. ते मर्यादेचं सर्किट तोडून टाक, असा सल्लाही मला एकाने दिला होता. तोडलं नाही, बरं झालं.

पॉवर माइक काढला. जुना माइक, गेन पाऊणच्या आसपास, आणि खरा फरक पडला तो अंतराने. आधी मी माइक स्टिअरिंगवर टेकवून हातभर लांबून बोलायचो. आता ओठांपासून तीन बोटं, थोडा तिरका, म्हणजे श्वास सरळ त्यावर आपटत नाही. तोंड जवळ आलं की आवाज वाढतो, पंखा आहे तेवढाच राहतो. गेन वाढवला की दोन्ही वाढतात. हे हिशेबाने उघड आहे, पण मी त्यासाठी पैसे घालून पॉवर माइक घेतला होता. बटण दाबून क्षणभर थांबायचं हेही तेव्हाच शिकलो, नाहीतर पहिलं अक्षर हवेत जातच नाही.

तरी एक बारीक शीळ राहिली होती, ॲक्सिलरेटर दाबला की चढणारी. ती अल्टरनेटरची. सेटचा वीजपुरवठा सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून होता. जाड वायर फ्यूज लावून थेट बॅटरीपर्यंत नेली आणि शीळ जवळजवळ गेली.

आणि हो, मित्रालाही मी बरेच दिवस 'तुझा आवाज फाटतो' म्हणून ऐकवत होतो. तो शेजारी गाडी लावून बोलायचा आणि माझा आरएफ गेन, म्हणजे येणारा सिग्नल किती वाढवायचा तो नॉब, पूर्ण. जवळचा दणदणीत सिग्नल माझ्याच सेटला झेपत नव्हता. गेन निम्म्यावर आणला, तो एकदम स्वच्छ. लांबचं ऐकायचं असेल तेव्हा परत उजवीकडे. स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर गप्प करणारा नॉब, मात्र खरखर जिथे थांबते त्याच्या किंचित पुढे, जास्त नाही, नाहीतर क्षीण हाका दाराबाहेरच राहतात. इंजिनसारखा टिकटिक गोंगाट दाबणारा नॉइज ब्लँकर मी गरजेपुरताच लावतो.

शेवटची चाचणी चालत्या गाडीतून. मी आकडे वाचले, पलीकडे शांतता. मला वाटलं, पुन्हा गडबड.

"साठ," तो म्हणाला. "पण तू इंजिन बंद केलंस का?"

इंजिन चालू होतं, पंखाही.