पायाच्या खड्ड्यातलं ठाणं

आपल्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंचा एक आग्रह असे. धडा कुठलाही असो, त्यात ठाणं कुठे आहे ते आधी शोधायचं. शिलाहार राजघराण्याला पुस्तकात जेमतेम दोन ओळी. बाईंनी त्यावर अख्खा तास घेतला. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक म्हणजे हेच ठाणं. अठराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या किल्ल्यात पाया खोदताना अरिकेसरी राजाचा ताम्रपट निघाला, शके ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७ चा. त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे.

पुढे मी स्थापत्य अभियंता झालो. पाये खोदणं हेच काम. कोकणातल्या एका उत्खननावर स्वयंसेवक हवेत असं कळलं, तेव्हा रजा टाकून गेलो. जेसीबी एका दिवसात पुरुषभर खाली जातो; तिथे आम्ही दिवसभरात वीतभरही उतरत नव्हतो. मातीचा रंग किंवा घट्टपणा बदलला की थांबायचं, नवा थर धरायचा, घमेल्यातली माती चाळायची. खड्ड्यांमधले बांध राखून ठेवायचे, कारण थर वाचायचे ते त्यांच्या उभ्या कडेवर.

माझ्या वाट्याला जास्त आलं ते खापऱ्या धुणं. टबात पाणी, हातात जुना टूथब्रश, शेजारी पिशव्या. प्रत्येकीवर खड्डा, थर, तारीख. दोन पिशव्या एकमेकींत मिसळल्या की दोन्ही थर मुके झाले, हे आल्या आल्या बजावलं होतं. एकदा निळसर हिरव्या झिलईचा, अंगठ्याएवढा तुकडा हाती आला. आतली माती पिवळट, मऊ. शेजारच्या संशोधक ताई म्हणाल्या, "दादा, ब्रश नको, बोटानेच धुवा, झिलई सुटेल. हे भांडं इराणच्या आखाताकडून गलबतातून आलंय." कोकणच्या बंदरांत अशी भांडी उतरत होती, तर ठाण्याच्या खाडीत उतरली नसतील?

हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत साइटवर येतो. मासुंदा तलावापासून खाडीपर्यंतचं जुनं ठाणं आता पुनर्विकासात आहे. तिथला थर बघायची संधी एकदाच मिळते. राफ्ट, म्हणजे पायाचा सलग काँक्रीट स्लॅब, पडलं की संपलं. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. खापराला बाजारात किंमतच नाही, म्हणून ते डेब्रिजच्या ट्रकमधून निघून जातं. हे मला फार लागतं. आमचे मुकादम आता खापर दिसलं की हाक मारतात. मी जागा, खोली टिपतो, पट्टी ठेवून फोटो काढतो आणि अभ्यासकांना पाठवतो.

मुख्याध्यापकांना एक विनंती. नववीची एक तुकडी वर्षातून एकदा आमच्या साइटवर पाठवा, सुट्टीच्या दिवशी, यंत्रं बंद असताना. हेल्मेट, बूट आणि परवानगी माझ्याकडे लागली.