टाकाला कडी आहे

आज सर्वपित्री. उद्या घट बसणार म्हणून दुपारी जेवणं आटोपल्यावर देव उजळायला काढले. आमचे सहा टाक, म्हणजे देवाचा किंवा घरातल्या गेलेल्या माणसाचा चेहरा उठवलेले धातूचे छोटे पत्रे. पाच ओळखीचे. सहावा लहानसा, झिजून गुळगुळीत झालेला. त्याला आम्ही नुसतं ‘बाईचा टाक’ म्हणत आलो. रांगोळीने घासताना अंगठ्याला वरच्या कडेशी काहीतरी खरखरीत लागलं. धुऊन उजेडात धरला. कडी! अर्धी तुटलेली, पण कडीच. बाकी एकाही टाकाला नाही.

आत्याला फोन केला. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “गळ्यातला असेल. सवतीचा.” आणि लगेच पावसाचं बोलायला लागली.

दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात नवऱ्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोचा टाक बांधायचे, हे मला माहीत होतं. पण आमच्या घरात?

पणजीची दोन नावं, असंच आम्ही धरून चाललो होतो. एक तीर्थाचं, ते माहेरचं. एक नदीचं, ते सासरचं. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि गावोगावची कोतवाल बुकं बाहेर निघाली, तेव्हा आमच्याही गावचं गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, बघायला मिळालं. 1911 ची आजोबांची जन्मनोंद सापडली : मुलगा, बापाचं नाव, जात, तारीख. त्या पानावर आईचा रकानाच नाही. 1931 च्या फेरफारात, म्हणजे जमीन नावावर चढवल्याच्या नोंदीत, वारस म्हणून मुलगा आणि ‘विधवा बायको’, नाव नदीचं. आणि ऑक्टोबर 1918, मानमोडीची म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. त्या महिन्याची पानं संपतच नाहीत, कारणाच्या रकान्यात ओळीमागून ओळ ‘ताप’. त्यात एका ओळीत तीर्थाचं नाव, पुढे ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको, आणि पुढे पणजोबांचं नाव. जुनी नोंद वाचून देणारे म्हणाले होते, या नावाचे भावकीत दोघं आहेत, ही तुमचीच कशावरून? आम्हीही तेच मानलं. मानणं सोपं होतं. काकांशी त्यावरून जे झालं ते झालं.

आता कडी म्हणतेय, बायका दोन होत्या. 1918 ची ती ओळ आमची असेल तर आजोबा तिचे, आणि ती गेली तेव्हा ते सात वर्षांचे. पहिली त्याआधीच, 1911 च्याही आधी गेली असेल तर ते नदीचेच. कडीवर काही लिहिलेलं नाही.

मला इतकं का लागलंय? सात वर्षांच्या मुलाला सगळं आठवतं. आजोबांनी मला पणजीच्या हातची भाकरी, तिचं ओव्या म्हणणं, सगळं सांगितलं, आणि हे एवढंच नाही सांगितलं. इतकी वर्षं मी तहसीलच्या अभिलेख कक्षात खेटे घातले, आणि ही वस्तू दर नवरात्राला माझ्याच हातात होती. दुपारभर नुसतं रडू येत होतं.

पितृपंधरवड्यात एक दिवस आजोबा दुपारचे जेवत नसत. पोट बरं नाही म्हणायचे. तो दिवस कोणता, हे मला आठवत नाही. आत्यालाही नाही. अविधवा नवमी असेल का? नवरा असताना गेलेल्या बाईचा तो दिवस. आमच्याकडे ती कधी पाळलीच नाही, पणजी विधवा होती ना. यंदाची सहा दिवसांपूर्वी गेली.

पण मग दुसरीचाही विचार येतो. लग्न होऊन आली ती पहिलीला गळ्यात घालूनच. 1931 ला मंगळसूत्र उतरलं तेव्हा हाही उतरला असणार. तो तिने मोडीत घातला नाही, नदीत सोडला नाही. देवांत ठेवला. चेहरा तिच्या गळ्यात झिजला नाही फारसा, तो आम्ही घासून घासून घालवला. आजोबा तिला आई म्हणत असतील तर ती आईच होती. मला आता तिच्यावर रागावता येत नाही, आजोबांवरही नाही.

पान दुपारीच ठेवून झालं होतं, नदीच्या एकाच नावाने.

टाक परत देव्हाऱ्यात ठेवला. एरवी मागच्या रांगेत असतो, आज पुढे ठेवला. आईने पाहिलं, काही बोलली नाही. दिवेलागणीला मी गेले तर त्याला हळद-कुंकू लावलेलं होतं.