तुम्ही विचारलंत म्हणून : वाघाशेजारी शेळी का काढता?

ठाऊक आहे. वाघ शेळीला खातो, साप बेडकाला खातो, हे सगळं मला ठाऊक आहे. तरीही दर पुस्तकप्रदर्शनात कुणीतरी पालक मी चित्रं काढलेलं एखादं पुस्तक चाळतात, शेळीच्या पाठीला पाठ लावून झोपलेल्या वाघापाशी थांबतात आणि विचारतात, "लहान मुलांना असं खोटं का दाखवता?" एकांनी तर दाताच्या दवाखान्यात, माझं तोंड उघडं असताना विचारलं.

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं. २००४च्या त्सुनामीनंतर केनियाच्या किनाऱ्यावर एकटं पडलेलं पाणघोड्याचं पिल्लू मोंबासाच्या हॅलर पार्कमध्ये आणलं, तर ते तिथल्या शंभरी ओलांडलेल्या अल्डाब्रा कासवाला चिकटलं. खाणं, झोपणं सगळं बरोबर. "बघा, खरंच घडतं!" असं मी टेचात सांगायचे. पुढचं सांगत नसे. पिल्लू वाढलं, आणि कासवाला इजा होईल म्हणून दोघांना वेगळं करावं लागलं. आणि मुळात हा दाखला देणं म्हणजे समोरच्याचंच म्हणणं कबूल करणं, की प्रत्यक्षात घडलं असेल तरच चित्र काढायचं. मग परवानगीसाठी दरवेळी केनियाला जायचं का?

दुसरा पक्ष 'आपल्या जुन्या गोष्टी'वाल्यांचा. त्यांत म्हणे असला गुळमटपणा नव्हता. अर्धं खरं आहे. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रात सिंह आणि बैलाची मैत्री होते आणि शेवटी सिंह बैलाला मारतोच. शांतिपर्वातला पलित उंदीर पाशात अडकलेल्या लोमश बोक्याला सोडवतो, पण पारधी अगदी जवळ येईपर्यंत शेवटचा दोर कुरतडत नाही. नंतर बोका मैत्रीचे गोडवे गाऊ लागतो, तेव्हा हा बिळातूनच नमस्कार करतो. मला ती गोष्ट फार आवडते. पण ती शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला सांगतात, बालवाडीतल्या पोराला नाही. आणि पंचतंत्राचं दुसरंच तंत्र कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांच्या दोस्तीचं आहे, ते ही मंडळी सोयीस्कर विसरतात.

खरी लबाडी मी वेगळ्याच जागी करते, ती कुणी विचारत नाही. शेळीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि बाहुली आडवी, धोका कुठूनही आला तरी दिसावा म्हणून. वाघाचे डोळे समोर, नेम धरायला. दोघांना एकमेकांकडे प्रेमाने बघायला लावायचं, तर शेळीचे डोळे पुढे ओढावे लागतात, बाहुल्या गोल कराव्या लागतात. मग ती शेळी उरतच नाही. ती बालवाडीतली दोन मुलं असतात, एक दांडगं, एक भित्रं. मुलांना हे बरोबर कळतं, असं मी म्हणायचे. डिसेंबर २०२०पर्यंत छातीठोकपणे म्हणायचे.

त्या ९ तारखेला पुण्याच्या कोथरूडात रानगवा शिरला. पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंय. गवा पुढे, गर्दी मागे, जाळ्या, भुलीचं औषध, आणि त्याच दिवशी तो मेला. कोविडमुळे मुलं घरात होती, टीव्हीवर तेच चालू होतं.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचा पाच वर्षांचा मुलगा खाली आला. "काकू, गवा काढ." काढला. फिकट कपाळ, गुडघ्याखाली पांढरे पाय. "नाक लाल नको करू." बरं. "आता भुऱ्या काढ." भुऱ्या म्हणजे आमच्या सोसायटीचा कुत्रा, वॉचमनच्या खुर्चीखाली राहणारा. "तो गव्याला घरी सोडायला चाललाय." मी वेताळ टेकडी काढली, भुऱ्यामागोमाग चढणारा गवा काढला. गव्याचे डोळे मात्र होते तिथेच, बाजूला ठेवले. का, ते सांगता येत नाही.

संध्याकाळी त्याची आई चित्र घेऊन दारात. "ताई, काल रात्री किती वेळ समजावलं त्याला, गवा मेला म्हणून. रडला, पण पटलं होतं. आता म्हणतो, टीव्हीवाले खोटं बोलतात, काकूने खरं काढलंय." आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "ऑगस्टमध्ये त्याचे आजोबा गेले. कोविडने. कुणालाच शेवटचं बघता आलं नाही. त्यांच्यासाठीही एक कुत्रा काढून द्याल का?"

केनिया, भीष्म, दांडगा-भित्रा, काही म्हणता काही तोंडून निघालं नाही. चित्र माझ्या हातात देऊन ती वर गेली.

दोन आठवड्यांत बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला. ह्या वेळी तो सुखरूप जंगलात परत गेला. मुलगा जिन्यातूनच ओरडत आला, "काकू, भुऱ्याने पोचवलं!" मागून आई. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. तो दुसरा गवा होता, हे दोघींपैकी कुणीच बोललं नाही. ती का गप्प राहिली, मी विचारलेलं नाही. मी गप्प राहिले ते त्याचं पटलं म्हणून की तिची भीती वाटली म्हणून, हे दर खेपेला वेगळं वाटतं.

एवढं नक्की की माझं दोन मुलांचं उत्तर तिथे लागू पडत नाही. त्याला गवा म्हणजे गवाच हवा होता, तोच, कोथरूडातला.

त्या चित्राचं पुस्तक करायचं चाललंय. प्रकाशक म्हणतात, गवा वाचला असं दाखवा नाहीतर मेला असं दाखवा, अर्धवट सोडलंत तर पालक भांडायला येतील. मी टेकडीच्या अर्ध्या चढावरच सोडणार आहे. या भांडायला.