आईच्या पायाचं प्लॅस्टर निघालं तेव्हा

अकरा आठवड्यांनी आईच्या डाव्या पायाचं प्लॅस्टर कापलं. पोटरी पार वाळली होती, कातडीचे पापुद्रे निघत होते. तेवढं मी धरूनच चालले होते. पण एक्स-रेत टाचेचं हाड फिकट, विरळ दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मोडलेलं हाड तर छान जुळलं होतं!

डॉक्टरांनी समजावलं. हाड म्हणजे दगड नव्हे. ते सतत झिजतं आणि सतत भरतं. हाडात रुतून बसलेल्या ऑस्टिओसाइट पेशींना भार कळतो. पाय टेकलाच नाही, की त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन जास्त सोडतात आणि नवं हाड घडवणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. झीज मात्र वाढते. अंतराळवीरांचंही तेच: पुरेसा व्यायाम नसेल तर खुब्याचं हाड महिन्याला 1 ते 1.5 टक्के घटतं. गेलेलं भरून यायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो.

हे आधी कुणी सांगितलं असतं तर परवानगी मिळाल्या दिवसापासूनच मी तिला पाय टेकवायला लावलं असतं. भीतीपोटी दोन आठवडे उगाच गेले.

आता वॉकर धरून ती ओट्यापासून तुळशीपर्यंत जाते. काल दोन फेऱ्या झाल्या, आज तीन.