लीश ओढण्यावरचा इलाज: माझा अनुभव

कुत्रा लीश, म्हणजे फिरायला नेताना आपण हातात धरतो तो पट्टा, का ओढतो? कारण ओढल्यावर त्याला पुढे जायला मिळतं. खांबाचा वास घ्यायचा असतो, तो ओढतो, आपण दोन पावलं त्याच्यामागे फरफटत जातो आणि त्याला वास मिळतो. बक्षीस आपणच देतो आणि मग ‘फार ओढतो हो’ म्हणून तक्रारही आपणच करतो. म्हणून मी एकच नियम ठेवला: लीश ताणलेली असताना माझं पाऊल पुढे पडणार नाही. वाचायला सोपा आहे. पाळायला महिना-दीड महिना दात-ओठ खावे लागतात.

आधी सामान. बटण दाबून लांब-आखूड होणारी लीश पहिल्यांदा कपाटात गेली. तिच्यात स्प्रिंग असते, त्यामुळे ती कायम थोडी ताणलेली राहते, आणि कुत्रा जितकं ओढेल तितकी ती सुटत जाते. आपल्याला शिकवायचंय त्याच्या बरोब्बर उलटं. साधी, चपटी, दोनेक मीटरची लीश हवी. फार आखूड लीश सैल पडायला जागाच नसते. हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, छातीवरही कडी असलेला घेतला. कडी फक्त पाठीवर असेल तर कुत्रा अंगाचा सगळा भार टाकून ओढू शकतो. छातीवर असेल तर ओढल्याबरोबर त्याचं अंग आपल्या बाजूला वळतं. पट्ट्यांखाली दोन बोटं सहज जायला हवीत आणि काखेत घासता कामा नये. हार्नेसने ओढण्याचा जोर कमी होतो, पण नीट चालणं आपोआप येत नाही. आवळणाऱ्या किंवा काटेरी कॉलरच्या वाटेला मी गेले नाही. मान आणि श्वासनलिकेवर दाब येतो हे एक. दुसरं म्हणजे समोर कुत्रा दिसला की गळ्याला दुखतं, अशी सांगड डोक्यात बसली, तर ओढणारा कुत्रा भुंकणारा आणि अंगावर जाणारा होऊ शकतो.

खाऊ वाटाण्याएवढा आणि मऊ. कडक बिस्किट चावायला कुत्रा थांबतो आणि चालण्याची लय तुटते. सुरुवातीला पाच मिनिटांत तीस-चाळीस तुकडे सहज संपतात, म्हणून घरात शिकवताना त्याच्या रोजच्या खाण्यातलाच वाटा वापरला आणि उकडलेल्या चिकनचे तुकडे बाहेरच्यासाठी राखले. वरचा खाऊ दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत राहायला हवा. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही कुत्र्याला विषारी असतं. खिशात हाताला येईल ते देऊ नये.

मग खुणेचा शब्द. मी ‘येस’ ठेवला. घरात ‘येस’ म्हणायचं, लगेच खाऊ द्यायचा, असं पंधरा-वीस वेळा. शब्द ऐकताच मान वळली की पुढे जायचं. कुत्र्याने हवं ते केलं की सेकंदाच्या आत शब्द आला पाहिजे, आणि हात खिशाकडे त्यानंतर. हात आधी हलला तर कुत्रा शब्द ऐकतच नाही, खिशावर नजर ठेवतो.

पहिला आठवडा खोलीतच, लीशशिवाय. तो डाव्या पायाशी आला की ‘येस’ आणि खाऊ. तो कुठे द्यायचा यावर बरंच अवलंबून आहे: पँटच्या शिवणीला लागून, त्याच्या तोंडाच्या उंचीवर. हात समोर नेऊन दिला तर तो पुढे येऊन आडवा उभा राहतो, आणि पुढे येणंच शिकतो. आधी एका पावलाला खाऊ, मग दोन, मग तीन, एक, पाच, दोन असं अंदाज लागू न देता. मग तेच लीश लावून, नंतर जिन्यात, शेवटी बाहेर. घरात आलेलं बाहेर येतंच असं नाही. प्रत्येक नव्या जागी पुन्हा एका पावलापासून सुरुवात.

बाहेर लीश ताणली की थांबायचं. मागे खेचायचं नाही, कारण खेचलं की कुत्रा उलट्या बाजूला जोर लावतो. लीशचा हात पोटाशी टेकवून ठेवायचा. कोपर सैल राहिलं तर दर ओढीला त्याला वीतभर जागा मिळते आणि तेवढीही त्याला पुरते. त्याने मागे वळून पाहिलं किंवा लीश सैल केली, की पुन्हा चालू.

इथे माझी चूक झाली. तो परत आला की लगेच खाऊ देत होते. दोन दिवसांत त्याने खेळ बसवला: ओढ, थांब, परत ये, खा, पुन्हा ओढ! उपाय असा की परत येण्याला फक्त चालणं मिळतं. खाऊ मात्र शेजारी तीन-चार पावलं चालल्यावर. आणि मुळात तो ओढायच्या आधीच, नीट चालत असताना, भरपूर द्यायचा.

पहिले काही दिवस ओढणं वाढतं. आजवर चाललेली युक्ती चालेना, म्हणून तो जास्त जोर लावून पाहतो. इथेच बहुतेक जण हात टेकतात. नऊ वेळा थांबून दहाव्यांदा घाईत त्याच्यामागे गेलो, तर ‘चिकाटी धरली की मिळतं’ एवढंच त्याला कळतं. घाईच्या दिवशी मी लीश पाठीच्या कडीला लावते. छातीची कडी म्हणजे नियम, पाठीची म्हणजे सूट. हा फरक त्याला कळतो.

दुसरा कुत्रा दिसल्यावर चिकनही तोंडात घेत नसेल, तर आपण फार जवळ आलो आहोत. हाका मारण्यात अर्थ नाही. वळायचं, तो पुन्हा खायला लागेल इतकं लांब जायचं आणि तिथे शिकवायचं. वीस मीटरवर जमलं तर पुढच्या खेपेला अठरा.

वास घेणं बंद करायचं नाही. दहा-बारा पावलं नीट चालला की ‘जा, हुंग’ म्हणून त्याला खांबापाशी सोडायचं. काही दिवसांनी खाऊपेक्षा याच बक्षिसावर जास्त काम होतं आणि खिसा हलका होत जातो. मांजर दिसल्यावर मात्र अजून चिकन लागतंच.